मडीची होडी

चामराजपेटेत वसुमतीअक्का रस्त्यानं निघाल्या की माणसं आपोआप दोन हात बाजूला होत. घाबरून नव्हे, अक्कांची मडी मोडेल म्हणून. मडी म्हणजे सोवळं. पण बंगळुरात दहा-बारा पिढ्या काढलेल्या देशस्थांच्या घरांत सोवळं हा शब्द कधीच मागं पडला आणि कानडी मडी येऊन पाटावर बसली. तिच्या उलट ती मैलिगे. जगातल्या एकूण एक वस्तूंची अक्कांनी या दोघींत वाटणी करून टाकलेली होती, आणि वाटणी करताना त्यांचं सहसा कुठं अडत नसे.

एकदाच अडलं. शेजारच्या वकिलांकडं टेलिफोन आला आणि एके दिवशी त्यावर धाकट्या भावाचा, नरसिंहरावांचा, कचेरीतून निरोप आला. अक्का नुकत्या न्हाऊन मडीत होत्या. तारेतून येणारा आवाज शिवतो की नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. अक्कांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्या विचार केला आणि निकाल दिला, "आवाजाला काय व्हायचंय? पण ते काळं मुसळ मी कानाला लावणार नाही." मग भाचीनं ते मुसळ हातभर लांब धरलं आणि अक्कांनी तिकडं तोंड करून असा काही आवाज लावला, की नरसिंहरावांच्या कचेरीतले निम्मे कारकून उठून उभे राहिले म्हणतात.

घराणं शहाजीराजांच्या वेळचं. दप्तराची बासनं बैलांवर लादून इकडं आलेलं. बासनं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, मराठी मात्र राहिली. घरात बोलायची, कानडीत बुडवून खायची. अक्कांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. नवरा म्हणजे त्यांच्या आठवणीत एक जरीची टोपी आणि एक खोकला, एवढंच. तेराव्या वर्षी त्या माहेरी परत आल्या त्या कायमच्या. नरसिंहराव तेव्हा पाळण्यात. त्याला झोका द्यायचं काम मिळालं, आणि पुढं घर नरसिंहरावांच्या नावावर झालं, ते शिरस्तेदार झाले, तरी झोक्याची दोरी काही अक्कांच्या हातातून सुटली नाही. नरसिंहराव त्यांना अक्का म्हणत, म्हणून त्यांची बायको अक्का म्हणे, आणि म्हणून मुलगी अहल्याही आत्या म्हणायच्या ऐवजी अक्काच म्हणे. त्या घरात अक्कांना कुणी सांगत नसे. विचारत असत.

अहल्या कॉलेजात गेली आणि तिथून तिला होडीचं वेड लागलं. हलसूरच्या तळ्यावर दर रविवारी मुलामुलींचं एक नौकापथक जमायचं. ते चालवायचे रत्नाकर नावाचे इंजिनियर. पुण्याच्या नदीत वल्ही मारून मोठे झालेले, इथं विमानाच्या कारखान्यात नोकरीला आलेले. मराठी आणि इंग्रजी एकाच श्वासात बोलायचे. त्यांची बायको हेमलता मुलींची बाजू सांभाळायची. नरसिंहराव म्हणाले, पोरगी जाऊ दे, पण अक्का बरोबर पाहिजे.

तेव्हापासून अक्का दर रविवारी बसनं हलसूरला. बसमध्येही कंडक्टरच्या हातून तिकीट घेत नसत, पदर पसरत. एक नवा कंडक्टर म्हणाला, "अज्जी, हातात घ्या की." अक्का म्हणाल्या, "वरून टाक की रे. तिकीट काय काचेचं आहे, फुटतंय?"

तळ्याच्या पायरीवर आपलं बसकर टाकून त्या कापसाच्या वाती वळत बसायच्या. पाण्यावर पोरींचं 'ओढ, सोड, ओढ, सोड' चालायचं. अक्का वर पाहायच्या नाहीत. पण घरी डोशाचं पीठ वाटताना त्यांच्या तोंडून बारीक आवाजात 'ओढ, सोड' निघतं, हे अहल्येच्या आईनं ऐकलेलं होतं. अहल्या पहिल्यांदा सुकाणूवर बसली त्या रविवारी देवापुढं समई रोजच्यापेक्षा एक वात जास्त जळाली. कारण कुणी विचारलं नाही. अक्कांनी सांगितलं नाही.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात रत्नाकर घरी आले. पथक कारवारला न्यायचं, असा बेत. बंगालचा उपसागर शाळेच्या नकाशावर सगळ्यांनी पाहिलेला असतो. कारवारचा हा त्याचं पिल्लू म्हणावा असा, कोयत्याच्या पात्यासारखा वाकलेला. त्याच्या काठाकाठानं होड्या न्यायच्या, जागोजागी तंबू ठोकायचे आणि फेरी पुरी करून बंदरात यायचं.

"मुलींच्या होडीवर अहल्या कॅप्टन," रत्नाकर म्हणाले. "पूर्ण राउंड तिनं सुकाणूवर राहून केला, तर पुढच्या वर्षीपासून हलसूरची मुलींची बॅच तिच्या हातात. मध्येच सोडलं तर मात्र नाही. रूल इज रूल."

नरसिंहरावांनी बहिणीकडं पाहिलं. "अक्का, काय करू या?"

"लग्नाचं पाहतोयस ना तिच्या?"

"पाहतोय."

"मग त्याआधी समुद्र पाहू दे. नंतर सासूच पाहायची आहे."

नरसिंहराव म्हणाले, "मग तू बरोबर. आणि पोरगी तुझ्या शब्दाबाहेर जायची नाही."

"गेलीय कधी?" अक्का म्हणाल्या. तेही खरंच होतं.

प्रश्न राहिला मडीचा. अक्कांची शेगडी, कोळसे, तांब्याची घागर, तांदुळाचा डबा, धुतलेली लुगडी हे सगळं कांद्याच्या पोत्याला चिकटून एका होडीत कसं जाणार? हुबळीपर्यंत रेल्वे आणि पुढं घाटातून बस, हा प्रवास अक्कांनी दूध आणि केळ्यांवर काढला. पण पाण्यावर काय? कारवारला होड्या भाड्यानं देणाऱ्या नावाड्यानं डोकं खाजवलं आणि एक छोटंसं होडकं काढून दिलं. दोन माणसं बसतील एवढं. त्यात फक्त अक्कांचं सामान, आणि ते दोरानं मुलींच्या होडीला मागं बांधायचं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'मडीची होडी' ठेवलं. पुढं मुलांची होडी, मागं मुलींची, तिच्या शेपटाला अक्कांचं स्वयंपाकघर डुलत डुलत येतंय, अशी ती वरात निघाली.

स्वतः अक्का मुलींच्या होडीत बसल्या. अगदी मागं, सुकाणूच्या पुढ्यात. तिथून घागरीवर नजर राहते म्हणून. अहल्येला समोरचं दिसण्यासाठी कधी त्यांच्या डाव्या खांद्यावरून, कधी उजव्या खांद्यावरून मान काढावी लागे. रत्नाकरांनी ते पाहिलं, हेमलतेनं पाहिलं, वल्ह्यावरच्या प्रेमानं तर दोनदा तोंड दाबून हसून घेतलं. बोललं कुणीच नाही.

नावाड्यानं निघताना एकच गोष्ट बजावली होती. भरतीचं पाणी किनाऱ्यावर काटक्या, शेवाळ, शिंपले टाकून जातं, त्यांची एक वाळलेली रेघ असते. होडी त्या रेघेच्या वर ओढायची. रत्नाकरांनी त्याचा लगेच कायदा केला: उतरल्या उतरल्या सगळ्या होड्या रेघेच्या वर, आणि जबाबदारी सुकाणूवाल्याची. हलसूरच्या पोरांना ते जरा चमत्कारिक वाटलं. तळं जिथं सकाळी असतं तिथंच संध्याकाळी असतं. पाणी उठून चालायला लागतं ही गोष्ट त्यांनी भूगोलात पाठ केली होती, पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून मंडळी एका चिंचोळ्या खाडीच्या तोंडाशी आली. ओहोटी पुरी झाली होती. पुढं एवढी थोरली वाळू उघडी पडलेली, गुळगुळीत, ओली, आरशासारखी. वर कोरड्या वाळूत, सुरूच्या झाडांखाली तंबूला जागा झकास, पण तिथंच कोळ्यांनी चटया पसरून मासळी सुकत घातली होती.

अक्कांनी नाकाला पदर लावला. मग खालच्या ओल्या वाळूकडं पाहिलं. तिच्यावर माणसाचं पाऊल नाही, कुत्र्याचं नाही, पाखराचंसुद्धा नाही. साक्षात समुद्रानं सकाळी सारवून ठेवलेली. आणि दिवस कोणता? वैशाखी अमावास्या. एरवी समुद्राला शिवायचं नाही असं शास्त्र. पर्वाला मात्र समुद्रस्नानाचं पुण्य. अक्का पंचांग पाठ करून आल्या होत्या, आणि हीच जागा, हाच दिवस, असं त्यांच्या मनानं घेतलं. पंचांगात अमावास्येचं पुण्य लिहिलेलं असतं. अमावास्येला भरती सगळ्यांत उंच चढते, हे लिहिलेलं नसतं.

त्यांनी स्नान केलं, सुक्या लुगड्यात आल्या, वाळूवर रांगोळीची चौकट काढली आणि मधोमध शेगडी मांडली. वारा होता, म्हणून होडकं शेगडीच्या आडोशाला आडवं लावून घेतलं.

मोठ्या दोन्ही होड्या मुलामुलींनी हय्या हुय्या करत वर नेल्या. अहल्या खाली आली आणि चौकटीच्या बाहेर उभी राहिली.

"अक्का, होडकं वर घेऊ?"

"वर मासळी आहे. माझ्या घागरीला वास लागायचा."

"पण रेघ वर आहे, अक्का. सर म्हणालेत—"

"तुझे सर पुण्याचे. राहू दे इथं, वाऱ्याला आडोसा होतोय. स्वल्प वेळाचं तर काम. भात झाला की घेऊन जा."

अहल्या थोडी घुटमळली. त्या घरात अक्कांना एकदा विचारत असत, दोनदा नाही. ती तंबू ठोकायला निघून गेली.

पाणी आलं ते लाटा उडवत आलं नाही. आलं असतं तर कळलं असतं. ते मांजरासारखं आलं. आधी रांगोळीच्या एका कोपऱ्याला जीभ लावून गेलं. अक्कांनी हात जोडले, "आली गंगामाई, भेटून गेली." थोड्या वेळानं गंगामाई पुन्हा आली आणि रांगोळीची एक बाजू घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला ती जायचं विसरली. अक्कांनी वळून पाहिलं तर मागंही पाणी होतं. भात शेगडीवर रटरटत होता. अक्कांनी आधी भात वाचवायचा ठरवलं. दोन्ही हातांत फडकी धरून शेगडी उचलली आणि होडक्याच्या तळाशी साचलेल्या ओल्या वाळूवर ठेवली. मग डबा. मग घागर.

हेमलता वरून धावत आली. "आत्या, हात द्या! हात द्या इकडं!"

"लांब! मडीत आहे मी! शिवाल!"

"अहो पाणी चढतंय!"

"मग चढू दे की. तुम्ही चढू नका अंगावर!"

असं म्हणून अक्का स्वतःच होडक्यात चढल्या. अंगानं त्या किरकोळ, काठीवर लुगडं वाळत घालावं तशा. त्यांच्या वजनानं होडकं क्षणभर वाळूत बसलं, पुढच्या फुगवट्याबरोबर उठलं आणि निघालं. समुद्राकडं नव्हे, आत. भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं, त्याच्या पाठोपाठ अक्काही खाडीत शिरल्या. वरून साऱ्या पथकानं पाहिलं: कांदळाच्या झाडीत वसुमतीअक्का वळून दिसेनाशा होताहेत आणि शेगडीचा धूर तेवढा झाडांवर रेंगाळतोय.

वल्ही होडक्यात होती. तीन वर्षं ऐकलेलं 'ओढ, सोड' अक्कांच्या जिभेवर होतं. त्यांनी वल्ही धरली आणि मोठ्यानं स्वतःलाच हुकूम दिला, "ओढ!" एक वल्हं पाण्यात खोल गेलं, दुसरं हवेत फिरलं. "सोड!" होडकं स्वतःभोवती फिरून पुन्हा पहिल्या तोंडावर आलं. आणखी दोन हुकूम झाले, आणखी दोन प्रदक्षिणा झाल्या. तळ्याच्या पायरीवरून ही गोष्ट फार सोपी दिसत होती. अक्कांनी वल्ही आत घेतली आणि भाताचं झाकण काढून पाहिलं. झाला होता. तो उतरवून ठेवला.

एका वळणावर बायका धुणं धूत होत्या. पदर डोक्यावरून घेतलेली एक परकी बाई, पुढ्यात धुमसती शेगडी, शेजारी वाफाळता भात, अशी एकटीच पाण्यावरून येताना पाहून त्यांचे हात थांबले. एकीनं कोकणीत विचारलं, कुठं निघालात म्हणून.

"मला काय विचारता?" अक्का म्हणाल्या. "ह्या पाण्याला विचारा!"

तेवढ्यात मागून मुलींची होडी आली. अहल्या सुकाणूवर होती आणि घसा फुटेस्तोवर ओरडत होती. पण तिचे हुकूम वल्ह्यांना होते, अक्कांना नव्हते. अक्कांशी बोलताना तिचा आवाज तिथंसुद्धा खाली आला.

"अक्का, दोर टाकते. धराल?"

"कशाचा आहे?"

"काथ्याचा."

"मग टाक. काथ्याला मैलिगे नाही."

पाणी चढायचं थांबलं तसं होडकं ओढत आणलं. कुणी बुडालं नाही, काही हरवलं नाही, भातसुद्धा सांडला नाही. पोरं हसून हसून लोळली. प्रेमानं तर अक्कांच्या 'ओढ'ची नक्कल करून दाखवली आणि अक्कांनी ती पाहून न पाहिल्यासारखी केली. रत्नाकर मात्र हसले नाहीत. त्यांनी अहल्येला बाजूला बोलावलं आणि दोन वाक्यांत आटोपलं: एक होडी सुटली, जबाबदारी कॅप्टनची, उद्या सुकाणू प्रेमा धरेल.

उद्याचा टप्पा शेवटचा होता. खडकाच्या नाकाडाला वळसा घालून बंदर. म्हणजे फेरी पुरी होणार होती, पण अहल्येच्या हातून नाही. आणि हलसूरची बॅचही गेली.

अक्का पानावर भात वाढून बसल्या होत्या. चित्राहुती झाली, पण घास उचलला गेला नाही. हात धुऊन त्या उठल्या आणि रत्नाकरांच्या तंबूपासून दोन हातांवर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी आहे. पोरीनं विचारलं होतं, मीच नको म्हटलं."

"आत्याबाई, तुम्हाला कुणी ब्लेम करत नाही," रत्नाकर म्हणाले. "पण तिनं विचारायचंच नव्हतं. सांगायचं होतं. होडकं वर घ्यायचं, उठा, असं."

"कुणी? तिनं? मला?"

"हो."

"तिच्या बापानं उभ्या जन्मात मला काही सांगितलेलं नाही."

"ते घरी. होडीत जो सुकाणूवर तोच मोठा, मग तो कालचा पोर का असेना. उद्या खडकापाशी तुम्ही म्हणालात डावीकडं आणि ही गप्प बसली, तर पाच मुली आहेत होडीत. मी कुणाच्या घरी काय तोंड दाखवू?"

अक्कांनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि सुकाणूच्या पुढ्यात बसू नका, हे मला दोन दिवसांत तुम्ही का नाही सांगितलं?"

तंबूतून हेमलतेचा आवाज आला, "घाबरत होते तुम्हाला! माझ्या कानाशी कुरकुर चालू होती कालपासून."

"मग तुमचंही सुकाणू काढून घ्या की," अक्का म्हणाल्या आणि निघून आल्या.

अहल्या पाण्याच्या कडेला डेचकी घासत होती. डोळे लाल होते. धूर गेला म्हणाली असती, कुणी विचारलं असतं तर.

"तू बोलली का नाहीस मला?"

"काय बोलू?"

"ऊठ म्हणायचं. होडकं वर घ्यायचंय म्हणायचं."

अहल्येनं डेचक्याकडं पाहत विचारलं, "तुम्ही ऐकलं असतंत, अक्का?"

अक्का खोटं बोलत नसत. "नसतं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी होड्या पाण्यात ढकलल्या. रत्नाकर मुलांच्या होडीत चढायच्या बेतात होते. प्रेमा सुकाणूपाशी उभी होती, फाशी द्यायला नेल्यासारखं तोंड करून. अहल्या तिच्या जागेवर वल्हं घेऊन. होडक्यात अक्कांचं स्वयंपाकघर रोजच्यासारखं लागलेलं, दोर बांधलेला. अक्कांनी यायचं, मागं जाऊन बसायचं, एवढंच राहिलं होतं.

अक्का आल्या, पण चढल्या नाहीत. घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या.

"अहल्ये, कुठं बसू?"

आधी कुणाला काही समजलं नाही. प्रेमा म्हणाली, "अक्का, रोजच्या जागी बसा की."

"तुला नाही विचारलं."

रत्नाकर म्हणाले, "आत्याबाई, आज कॅप्टन प्रेमा—"

"मी हिला विचारलंय." अक्कांची नजर भाचीवरून हलली नाही. "कुठं बसू?"

अहल्या उठून उभी राहिली. तिच्या आजवरच्या आयुष्यात त्या बाईनं तिला 'मी काय करू' असं कधी विचारलेलं नव्हतं. ती पुटपुटली, "पुढं..."

"ऐकू येत नाही. हलसूरला ओरडतेस तशी ओरड."

"पुढं!" अहल्या ओरडली. एवढ्या जोरात, की मुलांच्या होडीतल्यांनी माना वळवल्या. "पुढं टोकाला बसायचं! वल्ह्यांच्या मधून जायचं, कुणी शिवलं तरी थांबायचं नाही! आणि होडकं आज आपल्याला बांधायचं नाही. खडकापाशी ते मागं ओढेल. त्यातलं सगळं सामान या होडीत घ्या, रिकामं होडकं मुलांकडं द्या!"

बोलून झालं आणि तिचं तिलाच कळलं, आपण काय बोललो ते. सामान या होडीत म्हणजे घागर कांद्याच्या पोत्याजवळ. वल्ह्यांच्या मधून म्हणजे चार पोरींची कोपरं. तेरा वर्षांच्या मुलीपासून पंचावन्न वर्षांच्या बाईपर्यंत जे एक अक्कांनी सांभाळलं होतं, ते तिनं एका दमात होडीबाहेर टाकलं होतं.

अक्का म्हणाल्या, "सरी." सरी म्हणजे बरं.

कासोटा खोचला, होडीच्या काठाला हात लावला आणि चढल्या. पहिल्याच फळीवर प्रेमाचा खांदा लागला. अक्कांनी डोळे मिटले, उघडले आणि पुढं गेल्या. आणखी एक कोपर, एक गुडघा, एका पोरीची ओली वेणी. टोकाला जाऊन बसल्या. घागर आली, कांद्याच्या पोत्याला टेकली. तिकडं त्यांनी पाहिलं नाही.

प्रेमानं कुणाच्या हुकमाची वाट न पाहता सुकाणू सोडलं आणि अहल्येच्या जागी जाऊन वल्हं उचललं. रत्नाकर मुलांच्या होडीच्या काठावर एक पाय टाकून तसेच उभे.

हेमलता म्हणाली, "आता काय मुहूर्त पाहताय? पाणी चाललं."

"कॅप्टन," रत्नाकर अहल्येला म्हणाले, "निघा."

खडकाच्या नाकाडापाशी पाणी खवळलेलं होतं. होडी वर जाई आणि खाली आपटे. अहल्येला आता समोरचं सगळं दिसत होतं आणि ती न थांबता हुकूम सोडत होती. डावीकडच्यांना ओढा, उजवीकडच्यांना धरा. त्या सपाट्यात तिच्या आवाजातला अक्कांपुरता वेगळा ठेवलेला सूर कुठं गळून पडला, तिलाही कळलं नाही.

"अक्का, वाका!"

अक्का वाकल्या. लाट त्यांच्या पाठीवरून आत आली.

"अक्का, उपसा! पाणी उपसा!"

जवळ होता तो मडीचा तांब्या. अक्कांनी त्यानं पाणी उपसायला सुरुवात केली. पोरींच्या पायांखालचं, कांद्याच्या सालींचं, चिखलाचं पाणी, तांब्यामागून तांब्या. नाकाड मागं पडलं, पाणी शांत झालं, समोर बंदर दिसायला लागलं, तरी त्या उपसतच होत्या. शेवटी अहल्येला सांगावं लागलं, "पुरे, अक्का." मग थांबल्या.

बंदरात उतरल्या उतरल्या त्यांनी विहीर शोधली, पाच घागरी डोक्यावरून ओतून घेतल्या, तांब्या चिंच-राखेनं घासला आणि शेगडी पेटवली. हेमलता जरा जवळून गेली तर "लांब!" म्हणून ओरडल्या. सगळं पुन्हा जागच्या जागी आलं होतं.

बंगळूरच्या स्टेशनावर नरसिंहराव घ्यायला आले होते. गाडीतून उतरताना अहल्या हसून प्रेमाला काही ओरडून सांगत होती, अक्का म्हणाल्या, "हळू बोल. प्लॅटफॉर्म आहे हा." अहल्या लगेच गप्प झाली आणि सामान उचलायला लागली.

नरसिंहराव बहिणीबरोबर दोन हात अंतरानं चालू लागले. स्टेशनाबाहेर जटके, म्हणजे बंगळुरी टांगे, उभे होते, तिथपर्यंत त्यांनी धीर धरला.

"अक्का, पोरीनं ऐकलं ना तुझं?"

"जमिनीवर ऐकलं."

नरसिंहराव थोडं चालले. "आणि पाण्यावर?"

"पाण्यावर मी तिचं ऐकलं," अक्का म्हणाल्या. "पुढच्या वर्षी हलसूरच्या पोरी तिच्या हातात आहेत. तू आता जटका ठरव. आणि मला पुढं बसायचंय."